दोन मुठींच्या तोफेची बखर

श्री. जी शक्ती मनुष्याच्या मनगटात, डोळ्यांत आणि कानांत वास करिते, आणि जिचेवाचून पोलाद हे नुसते ओझे, तीस प्रथम नमन. मग ज्यांच्या हातून शस्त्र चालिले आणि ज्यांची नावे कोणी घेतली नाहीत, त्यांस नमन. साहेबीं पुसिले की, दर्यातील गडावरी नवी तोफ उलटली आणि माणसे मेली, ते वर्तमान कैसे जाहले, लोक नाना प्रकारे बोलतात, खरे काय ते लिहोन पाठविणे. म्हणोन जैसे पाहिले आणि ज्यांनी सोसिले त्यांजपासोन ऐकिले, तैसे लिहिले आहे. लिहिताना राग आवरला नाही, आणि तो आवरावा ऐसे वाटलेही नाही. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, ते साली हे जाहले.

राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य थोर, दर्याकाठी गड आठ, आरमार बेताचे. त्या वर्षी चैत्रमासी महाराजांस खबर लागली की, पैलतीरीच्या गनिमाने जहाजांवरी जलद तोफा चढविल्या आहेत, आपली तोफ एक वेळ डागते तोवर त्यांची तीन वेळ डागते. मग महाराजांनी दरबार भरविला आणि आज्ञा केली की, याहून जलद तोफ वर्षाचे आत व्हावी. तेव्हां तोफखान्याचे दरोगे नरहरपंत उठले आणि मुजरा करोन बोलिले की, "महाराजांचे पुण्याईने दोन महिन्यांत करितो." पंत मोठे गणिती, अक्षर मोत्याचे दाणे, आणि कागदावरी तोफ ऐसी काढीत की पाहणाराचा हात आपसूक तिजकडे जावा. परंतु दारूच्या धुराने त्यांचे डोळ्यांस जन्मात पाणी आले नव्हते, आणि तोफ डागणारांस तोफेविषयी काही पुसावे हे त्यांचे मनात कधी आले नाही. गोलंदाज म्हणजे तोफेचा नोकर, आणि नोकरास काय पुसावयाचे, ऐसा त्यांचा विचार. हाच विचार पुढे माणसे खाणार होता.

पंतांनी तोफ केली ती पाठीमागून भरावयाची. लोखंडी डब्यात दारू आणि गोळा अगोदर भरोन ठेवावा, तो डबा तोफेच्या पाठीत बसवावा, मग आगली मूठ आपणाकडे ओढावी म्हणजे डबा जखडे, मग बत्ती द्यावी. गोळा सुटला म्हणजे मागली मूठ ओढावी, डबा मोकळा होय, तो काढोन दुसरा घालावा. युक्ती खरोखर चांगली, त्यात संशय नाही, आणि तोफ जलदही खरी. परंतु त्या दोन्ही मुठी तोफेच्या एकाच अंगास, एकमेकींपासोन चार बोटे अंतरावरी, आणि दोन्ही एकाच साच्यातून ओतलेल्या पितळी सिंहाच्या मुखाच्या. वजन सारखे, आकार सारखा, आणि दोन्ही एकाच बाजूस ओढावयाच्या. एक ओढिली तर डबा बांधला जाय आणि दुसरी ओढिली तर सुटे, आणि बाहेरोन पाहता बांधलेला कोणता आणि सुटलेला कोणता हे ब्रह्मदेवासही कळू नये. पंतांस कोणी पुसिले की दोन्ही सारख्या का, तर म्हणाले, शोभा. मग वैशाखमासी राजवाड्यामागील हिरवळीवरी परीक्षा जाहली. वेळ सकाळची, हवा कोरडी, ऊन कोवळे, आणि तोफेवरी उभे कोण, तर महाराजांचे खासबारदार, सहा सहा हात उंचीचे म्हणोन लोक सांगत ऐसे धिप्पाड जवान, पांढरे अंगरखे घातलेले. दारू निम्मी घातली होती, म्हणोन धूर थोडा. त्यांनी सावकाश पाहोन पाहोन मुठी ओढिल्या आणि एका घटकेत तीस गोळे सोडिले. महाराज बहुत संतोषी जाहले, पंतांस शालजोडी आणि शिरपेच दिधला, तोफेचे नाव सिंहमुखी ठेविले, आणि आज्ञा केली की पहिली तोफ दर्यातील गडावरी पाठवावी आणि मग आणखी तीस ओतावयास घ्याव्या.

त्या गडाच्या पश्चिम बुरुजावरी तोफेचा नाईक गोमाजी पालव म्हणोन होता. वय चाळिशीचे, अंगाने बुटका, डाव्या हाताचे एक बोट जुन्या लढाईत गेलेले, बोलणे थोडे आणि पाहणे फार. त्याचे हाताखाली तिघे. दादू शेख हा सर्वांत वडील, साठीस आलेला, तीस वर्षे तोफेपाशी उभा राहोन कान गेलेले, परंतु हात ऐसा की पूर्वी जुनी तोफ त्याने ठासली म्हणजे कोणी फिरोन पाहात नसे. जिवा घाग आणि राघू तांडेल हे दोघे डबे वाहणारे. आश्विनमासी दर्या निवळला आणि सिंहमुखी गडावरी आली. किल्लेदार जानराव यांनी तिजवरी फुले वाहिली, आणि गोमाजीने तिजवरी हात फिरविला आणि म्हणाला, "देखणी आहे. आता कामास कैसी ते पाहो."

मग त्याने तोफ पाहिली ती आपल्या रीतीने. रोज सकाळी तिघांस उभे करी, दारूवाचून नुसते डबे घालवी, मुठी ओढवी, आणि आपण बाजूस बसोन भिंतीवरी कोळशाने रेघा मारी. आठ दिवसांत कळोन आले की, दर चाळीस वेळांत तीन वेळ दादूचा हात चुकीच्या मुठीवरी पडतो. दादू खजील जाहला आणि म्हणाला, "नाईक, माझे वय जाहले, दुसरा माणूस पाहा." तेव्हां गोमाजीने जिवास उभे केले, त्याचे चार वेळ चुकले. राघूचे तीन वेळ. मग आपण उभा राहिला, डोळ्यांस पंचा बांधिला, कारण बुरुजावरी धूर कोंडला म्हणजे डोळे असोन नसल्यासारखेच, आणि त्याचेही दोन वेळ चुकले. मग गोमाजी दादूजवळ बसला, त्याचे कानाशी तोंड नेले आणि मोठ्याने बोलिला की, "चाचा, चौघांचे चौघे चुकतो, तेव्हां वय काढू नका. ज्याने ही केली त्याने आपले हात पाहिले नाहीत."

मग त्याने बकऱ्याचे कातड्याची पट्टी काढिली आणि मागल्या मुठीवरी घट्ट गुंडाळिली, वरोन दोन गाठी मारिल्या, म्हणजे हात पडताच कळावे की ही सोडावयाची, ही बत्तीपूर्वी ओढू नये. पुन्हा पंधरा दिवस रेघा मारिल्या. चुकीची एकही नाही. दादूने तर डोळे मिटोन, अंधारातल्या माणसासारखे चाचपडत, शंभर वेळ ओढोन दाखविली आणि हसोन म्हणाला, "आता ही तोफ माझ्याशी बोलते रे." गोमाजी आनंदला आणि किल्लेदारांस सांगोन पत्र लिहविले की, दोन्ही मुठी निराळ्या आकाराच्या कराव्या, आणि आगली जखडली असता मागली ओढिताच येऊ नये ऐसी एक खिटी मध्ये घालावी, लोहाराचे दोन दिवसांचे काम आहे, बाकी तीस तोफा ओतण्याचे अगोदर हे व्हावे. पत्र गेले. उत्तर आले नाही. दुसरे पत्र गेले, त्याचेही आले नाही. कार्तिकमासी उत्तराचे ऐवजी नरहरपंत आपणच पाहणीस आले, पालखी, छत्र, मागे दहा कारकून.

पंत बुरुजावरी आले, तोफ पाहिली आणि त्यांचे मस्तक फिरले. बोलिले, "हे काय? सिंहाच्या तोंडास कातडे? ही सरकारची तोफ की चांभाराचे दुकान?" गोमाजीने मुजरा केला आणि रेघांची भिंत दाखविली, सर्व वर्तमान सांगितले. पंतांनी भिंतीकडे पाहिलेही नाही. म्हणाले, "तुम्हांस शिकता येत नाही हा तोफेचा दोष नव्हे. खासबारदारांनी घटकेत तीस गोळे सोडिले, त्यांचा एकही हात चुकला नाही."

गोमाजी म्हणाला, "पंत, ते हिरवळीवरी उभे होते. येथे वारा दर्याकडून येतो, धूर आत कोंडतो, कानांत काही ऐकू येत नाही, हात घामाने आणि काजळीने निसरडे होतात. आपण एक वेळ त्या धुरात उभे राहा. एकच वेळ. मग आपणच पट्टी बांधाल."

पंत म्हणाले, "अरे, गोलंदाज तोफेजोगा करावयाचा असतो. तोफ गोलंदाजाजोगी करावयाची म्हटली तर उद्या लंगड्यासाठी एक आणि आंधळ्यासाठी एक करावी लागेल."

"धुरात सगळेच आंधळे असतात, पंत."

इतके बोलताच कारकून एकमेकांकडे पाहू लागले. किल्लेदार जानराव पुढे जाहले, गोमाजीचा खांदा दाबला आणि म्हणाले, "नाईक, पुरे." मग पंतांनी तेथेच हुकूम लिहविला की, सिंहमुखी तोफ जैसी आली तैसी ठेवावी, तिजवरी काही बांधू नये, बांधील त्यास गडावरोन काढावे. आणि म्हणाले, "ज्याने बांधिले त्यानेच काढावे." दादू मध्ये पडला, म्हणाला, "मी काढितो, माझ्यासाठीच बांधिली होती." गोमाजीने त्यास मागे सारिले. कमरेची सुरी काढिली आणि आपल्या हाताने ती पट्टी कापिली. पुढे जन्मभर त्यास जे टोचत राहिले ते हेच, की हुकूम पंतांचा खरा, परंतु सुरी आपली.

पंत गेले. मग पौषमासी, पौर्णिमेस, सूर्य दोन हात वर आला असता गनिमाची नऊ जहाजे पश्चिमेस दिसली आणि थेट गडावरी चालोन आली. नगारा जाहला, लोक बुरुजांवरी धावले. गोमाजी झरोक्यापाशी उभा राहोन निशाण पाहे आणि हात वर करी, दादू मुठींपाशी, बत्तीही त्याचेच हाती, जिवा आणि राघू डबे देणार. पहिला गोळा पाण्यात पडला, दुसरा आणि तिसरा जहाजाचे अंगास लागला, चौथ्याने पुढल्या जहाजाची डोलकाठी मोडोन पडली आणि तटावरोन लोकांनी आरोळी दिली. तोफ खरोखर जलद, तेव्हां धूरही तितकाच जलद. वारा समोरोन, धूर बाहेर जाईना, सहाव्या गोळ्यास बुरुजात ऐसा काळोख जाहला की गोमाजीस आपले हातही दिसेनात. दादूच्या एका कानातून रक्त येत होते, डोळ्यांतून धारा वाहात होत्या, आणि तो उभा राहोन आपले काम करीत होता.

सातवा डबा बसला. दादूने आगली मूठ ओढोन जखडला. मग घट्ट बसला की नाही म्हणोन, जैसे तीस वर्षे प्रत्येक जुन्या तोफेस तो ठासणीचा एक ठोका अधिक मारीत आला तैसा, मुठीस एक झटका अधिक दिधला. हात चार बोटे मागे पडला. सिंह हातास लागला, तोच आकार, तेच थंड पितळ, तेच आयाळ. गोमाजीस धुरातून मागल्या मुठीकडे हालचाल भासली आणि तो ओरडला, "आगली! चाचा, आगली!" परंतु दादूस ऐकू कोठून यावे. बत्ती लागली. डबा मोकळा होता, तो गोळ्याऐवजी मागे सुटला. दादू शेख आणि जिवा घाग जागीच गेले. राघू तांडेल वाचला, परंतु उजवा हात कोपरापासोन गेला. गोमाजी झरोक्याचे कडेवरी आपटला आणि उठला तेव्हां त्यास वाटले की गनिमाचा गोळा आत आला. मग धूर थोडा विरला आणि कळले की गनिमाने काही केले नव्हते.

तेथे रडावयास कोणी रिकामे नव्हते. गोमाजीने बाजूच्या बुरुजावरील जुनी तोफ, तोंडातून ठासावयाची, माणसे लावोन फिरविली आणि दोन प्रहर दिवस तीच डागली, आपण ठासली, आपण बत्ती दिधली. तिसरे प्रहरी भरती उतरली, गनिमाची दोन जहाजे खडकास लागली आणि बाकीची माघारी गेली. गड राहिला. लोक गोमाजीस खांद्यावरी घ्यावयास आले तेव्हां तो जिवाच्या प्रेताशी बसला होता. त्याने त्यांस हात जोडिले आणि "येथोन जा" ऐसे म्हणाला.

आठवे दिवशी दरोग्याचे कचेरीतून कारकून चौकशीस आला. कागद तो घरूनच लिहोन घेवोन आला होता, नुसती निशाणी घ्यावयाची होती. त्यात लिहिले होते की, गोलंदाज दादू शेख याने गाफीलपणे चुकीची मूठ ओढिली, तेणेकरोन दोन माणसे मेली आणि सरकारची तोफ खराब जाहली. तोफेत खोट नाही. खाली रेघ, आणि लिहिले की बाकी तीस तोफा याच नमुन्याने ओतीत आहेत. कारकुनाने वाचोन दाखविले आणि शाई पुढे सरकविली. गोमाजीने पुसिले, "माझी दोन पत्रे आली होती, ती यात कोठे आहेत?" कारकून म्हणाला, "त्यांचा या चौकशीशी संबंध नाही." गोमाजी म्हणाला, "भिंतीवरील रेघा पाहिल्या?" कारकून म्हणाला, "मी माणसाची चूक पाहावयास आलो, भिंत पाहावयास नाही. निशाणी कर, नाईक, मेलेल्याचे आता काय बिघडते?"

दादूची बायको अमीनाबी दाराआड उभी होती, ती पुढे आली. पदर डोकीवरी ओढिला आणि म्हणाली, "मेलेल्याचे नाही बिघडत. परंतु गडावरी पाणी भरावयास मी जात्ये, आणि जिवाची आई तेथेच येत्ये. तिने माझ्याकडे पाहिले तर मी काय सांगू? तुझा मुलगा माझ्या माणसाने मारिला ऐसे? नाईक, तुम्ही तेथे होता. तो गाफील होता?"

गोमाजी तिजकडे वळला. म्हणाला, "भाभी, त्या बुरुजात त्याहून जागा माणूस कोणी नव्हता." आणि कागद कारकुनाच्या पदरात टाकिला आणि म्हणाला, "यावरी माझी निशाणी पाहिजे तर माझा हात तोडोन न्या, आणि तो लावा." कारकून निघोन गेला, आणि निशाणीवाचूनच तो कागद दफ्तरी शिक्क्यानिशी लागला. इतके त्या राज्यी सोपे होते.

माघमासी महाराजांनी गड राखिल्याबद्दल गोमाजीस दरबारी बोलाविले, सोन्याचे कडे घालावे म्हणोन. सभा दाटली. नरहरपंत उजवे बाजूस बसले होते, अंगावरी तीच शालजोडी. महाराजांनी कडे उचलिले तेव्हां गोमाजी हात मागे घेवोन उभा राहिला. सभेत कुजबुज जाहली. महाराज म्हणाले, "काय नाईक, कडे लहान वाटते?" गोमाजी म्हणाला, "महाराज, माझी तीन माणसे आपल्याच तोफेने नेली, तिघांत एक जिवंत आहे इतकेच. तैशाच तीस तोफा ओतावयास घेतल्या आहेत. कडे नको. एक मागणे आहे, ते आज, उन्हात, आपल्यादेखत व्हावे." महाराजांनी पुसिले, काय. गोमाजीने सांगितले की, कारखान्यात नव्या तोफा तयार आहेत, त्यांतील एक अंगणात आणावी, दारू एक चिमूटही घालू नये. वाऱ्याचे बाजूस ओला पेंढा पेटवावा, दोन्ही कानांशी नगारे वाजवावे, हातांस तेल आणि काजळी लावावी, आणि ज्या खासबारदारांनी परीक्षा दिधली त्यांनीच वीस वेळ डबा बसवावा, जखडावा आणि सोडावा. दरबारच्या कारकुनांनी मोजावे.

पंत उठले, म्हणाले, "महाराज, हा पोरखेळ आहे." महाराज तरुण होते, पुष्कळ गोष्टींत चुकत, परंतु त्या दिवशी चुकले नाहीत. म्हणाले, "दारू नाही, तर भय कशाचे? आणा."

मग तोफ आणिली, पेंढा पेटविला, नगारे वाजू लागले, आणि त्या खासबारदारांतील एक धिप्पाड जवान पुढे जाहला. पहिले पाच वेळ नीट. सहावे वेळेस त्याचा हात मागल्या मुठीवरी गेला आणि डबा सुटला. दहावे वेळेस तैसेच. सतरावे आणि एकोणिसावे वेळेस पुन्हा. वीस पुरे जाहले तेव्हां तो खोकत, डोळे चोळीत बाहेर आला आणि म्हणाला, "मी चार वेळ मेलो असतो." पंत म्हणाले, "धूर प्रमाणाबाहेर आहे. आणि याने लक्ष दिधले नाही."

गोमाजी म्हणाला, "लक्ष देणारे आपण आहा. मुठी आपण काढिल्या, साचा आपण केला, कोणती कोणती ते आपणाहून अधिक कोणास ठाऊक? आपण या."

सर्वांचे डोळे पंतांकडे वळले. महाराज नुसते पाहात राहिले, आणि ते पाहणे आज्ञेहून वाईट. मग पंतांनी शालजोडी काढोन ठेविली, हातांस काजळी लावून घेतली आणि धुरात शिरले. पहिल्या तीन वेळा नीट केले. चौथे वेळेस नगारा जवळ आला, पंत दचकले, हात चार बोटे मागे पडला, आणि डबा खडकन सुटोन त्यांचे पायांशी आला. पंत तेथेच उभे राहिले. धुरातून त्यांचे खोकणे ऐकू येत होते.

दोघे तिघे सरदार हसले. गोमाजी त्यांजवरी फिरला आणि त्याचा आवाज ऐसा चढला की नगारजींनी हात आवरिले. "हसू नका! पंतांच्या हातास हसाल तर दादूच्या हातासही हसाल. पंतांचा हात चुकला नाही. माणसाचा हात धुरात असाच पडतो, राजाचा असो की गोलंदाजाचा. चूक जाहली ती कागदावरी जाहली, लख्ख उजेडात, बैठकीवरी बसोन, जेथे कोणाचे डोळे चुरचुरत नव्हते. तेथे दोन मुठी सारख्या काढिल्या. मग आम्ही दोन वेळ लिहोन कळविले, ते वाचिले नाही. पट्टी बांधिली, ती काढविली. माणसे मेली, तेव्हां मेलेल्याच्या नावे लिहिले. महाराज, गनिमाचा गोळा लागोन मरावे म्हणोन आम्ही गडावरी राहतो, त्याची तक्रार कोणी करीत नाही. परंतु शोभेसाठी मरावे ऐसे आमच्या चाकरीत कोठे ठरले होते?" मग थांबला, आणि हळू बोलिला, "पट्टी माझ्या सुरीने कापिली. हुकूम होता म्हणोन कापिली. तेवढे माझे आहे, ते मी कोणावरी ढकलीत नाही. बाकीचे ज्याचे त्याने घ्यावे."

मग महाराजांनी आज्ञा केली की, तीसही तोफांच्या मागल्या मुठी काढाव्या, त्या जागी साधे लाकडी कडे बसवावे, मध्ये खिटी घालावी, आणि येथोन पुढे जे शस्त्र होईल ते ज्यांस चालवावयाचे त्या माणसांचे हाती, त्यांचे जागेवरी, धुरात आणि पावसात दोन महिने द्यावे, आणि ते पुरे म्हणतील तेव्हां सरकारने पुरे म्हणावे. हे खरोखर जाहले. लोहारांनी दोन दिवसांत एक तोफ नीट केली, जैसे पत्रात लिहिले होते तैसेच.

गोमाजीने दुसरे मागणे केले की, दादू शेखाचे नावापुढील "गाफील" हा शब्द दफ्तरातून काढावा. तेव्हां दफ्तरदार म्हणाले, शिक्का जाहलेला कागद खोडता येत नाही, राज्याची रीत आहे, फार तर खाली एक ओळ वाढवू. आणि ओळ लिहिली की, दादू शेखाचे गफलतीविषयी संशय आहे. गोमाजी दफ्तराचे दारी बसला आणि उठेना. तीन दिवस बसला, येणारे जाणारे त्यास ओलांडोन जात. चौथे दिवशी दफ्तरदारांनी कंटाळोन पुसिले, "काय लिहू?" गोमाजीने सांगितले आणि त्यांनी लिहिले की, दादू शेख गाफील नव्हता, मुठी सारख्या केल्या त्यापायी मेला, ही खोट अगोदर कळविली होती, ऐकिली नाही.

त्या कागदाची नक्कल घेवोन गोमाजी गडावरी आला. किल्लेदाराच्या कारकुनाने अंगणात उभे राहोन अमीनाबीस वाचोन दाखविली. जिवाची आईही होती, राघूही एका हाताने चौकट धरोन उभा होता. अमीनाबीने सर्व ऐकिले आणि पुसिले, "वरची ओळ?" कारकून म्हणाला, "ती आहेच. ती खोडता येत नाही." अमीनाबी म्हणाली, "मग वाचणारा आधी तीच वाचील." जिवाची आई उठली, अमीनाबीजवळ गेली आणि तिची पाण्याची कळशी आपल्या कमरेवरी घेतली, आणि दोघी विहिरीकडे गेल्या.

तात्पर्य इतके जाहले. तोफा तीस नीट जाहल्या, पुढे बारा वर्षांत त्यांनी आपला एकही माणूस मारिला नाही. नव्या मुठीची युक्ती नरहरपंतांची म्हणोन कारखान्याचे दारावरील फळीवरी कोरली गेली आणि पंतांस पुढील साली दुसरी शाल मिळाली. राघू तांडेल गोलंदाजांस एका हाताने शिकवू लागला. गोमाजी पालव त्याच बुरुजावरी म्हातारा जाहला, कडे त्याने घेतले नाही. हे सर्व लिहोन या लेखकाने सरकारी दफ्तराची प्रत शेजारी ठेविली होती, परंतु तीतील वरची ओळ येथे उतरोन घेतली ती केवळ चौकशी कळावी म्हणोन. जो कोणी ही बखर घाईने शेवटापासोन वाचील, त्यास आधी हेच सापडावे: दादू शेख गाफील नव्हता. इति, राग शिल्लक ठेवोन लेखन पुरे केले.